कॅनडाचे नियम बदलले, मग माझं काय? स्टडी परमिट आणि वर्क परमिट, तारखांसकट

लोकलमध्ये नेटवर्क जातं म्हणून एपिसोड अर्धवट राहिलेल्यांसाठी, आणि आकडे डोळ्यांनी बघितल्याशिवाय ज्यांना पटत नाही त्यांच्यासाठी, हा एपिसोड लेखी स्वरूपात. बोलताना होणारं 'म्हणजे', 'ॲक्च्युअली', 'बघा ना' बऱ्यापैकी काढून टाकलंय. बाकी सगळं तेच. एपिसोड डिसेंबर २०२५ मध्ये रेकॉर्ड केलाय, ही तारीख आधीच सांगतो, कारण आजचा सगळा विषयच तारखांचा आहे.

मेसेज बरेच आले होते, पण त्यातले तीन वाचून दाखवतो. नावं सांगत नाही.

पहिला नाशिकहून: "दादा, दोन वर्षांचा बिझनेस मॅनेजमेंटचा डिप्लोमा घेतोय, ओंटारिओतलं कॉलेज. एजंट म्हणतो तीन वर्षांचं वर्क परमिट मिळतंच. बाबा घर तारण ठेवतायत. पुढच्या आठवड्यात बँकेत सही आहे."

दुसरा थेट ब्रॅम्प्टनहून: "मी स्टडी परमिटचा अर्ज ऑगस्ट २०२४ ला केला होता. आता ग्रुपवर सगळे म्हणतात आपला कोर्स यादीत नाही, वर्क परमिट मिळणार नाही. झोप लागत नाहीये."

तिसरा पुण्याहून: "एक वर्षाच्या मास्टर्सला ॲडमिशन मिळालीय. लग्न फेब्रुवारीत आहे. नवऱ्याला सोबत नेता येईल का?"

तिघांचीही उत्तरं वेगवेगळी आहेत. एकाला मी 'सही करू नका' म्हणेन, एकाला 'आज रात्री झोपा' म्हणेन, आणि एकीला 'थोडं थांबून गणित मांडा' म्हणेन. पण उत्तर थेट सांगण्याआधी ते कसं काढायचं हे समजून घेऊ. कारण नियम परत बदलतील, आणि तेव्हा तुम्हाला पद्धत माहीत असली पाहिजे.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, इमिग्रेशन सल्लागार नाही. सरकारने जाहीर केलेले नियम मराठीत समजावून सांगणं एवढंच इथे करतोय. तुमच्या फाइलवर सल्ला द्यायचा अधिकार कोणाला आहे, हाही आजचा एक भाग आहे, आणि तो शेवटपर्यंत वाचा.

आधी दोन कागद वेगळे करा

गोंधळ इथूनच सुरू होतो. स्टडी परमिट म्हणजे शिकायची परवानगी. पीजीडब्ल्यूपी, म्हणजे पोस्ट ग्रॅज्युएशन वर्क परमिट, ही शिकून झाल्यावर काम करायची परवानगी. हे दोन वेगळे अर्ज आहेत, वेगळ्या वेळी करायचे, वेगळ्या अटींचे. पहिला मिळाला म्हणजे दुसरा आपोआप मिळत नाही.

आपल्याकडे एजंट बोलताना दोन्ही एका दमात सांगतात: "दोन वर्षं शिक, तीन वर्षं काम कर, मग पीआर." ऐकायला छान, पण प्रत्येक स्वल्पविरामाच्या जागी एक स्वतंत्र अर्ज आहे. आणि पीआर तर तिसरीच गोष्ट.

पीजीडब्ल्यूपीबद्दल अजून तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. तो आयुष्यात एकदाच मिळतो. कॅनडातल्या प्रत्येक मान्यताप्राप्त कॉलेजातून तो मिळतोच असं नाही. परदेशी विद्यार्थी घ्यायची परवानगी असलेल्या संस्थेला डीएलआय म्हणतात, पण डीएलआय असणं वेगळं आणि तिथला कोर्स पीजीडब्ल्यूपीला पात्र असणं वेगळं. आणि कोर्स आठ महिन्यांपेक्षा कमी असेल तर विषयच संपला.

मुदतीचं गणित सोपं आहे. आठ महिने ते दोन वर्षांपर्यंतचा कोर्स असेल तर साधारण कोर्सच्याच लांबीचं परमिट. दोन वर्षं किंवा जास्त असेल तर तीन वर्षं. मास्टर्सला सवलत आहे: १५ फेब्रुवारी २०२४ पासून मास्टर्स दोन वर्षांपेक्षा लहान असली, पण किमान आठ महिन्यांची असली, तरी तीन वर्षांचं परमिट मिळू शकतं. फक्त पासपोर्ट बघून घ्या. परमिट पासपोर्टच्या मुदतीपुढे जात नाही. पासपोर्ट दीड वर्षात संपणार असेल तर परमिटही दीडच वर्षाचं येईल.

नक्की काय काय बदललं?

आमच्या कामात प्रत्येक व्हर्जनसोबत रिलीज नोट्स येतात: काय नवीन, काय काढलं, जुन्या युजरचं काय होणार. कॅनडाच्या नियमांच्या रिलीज नोट्स मी एका जागी लावल्यात.

१ डिसेंबर २०२३: प्रत्येक ॲडमिशन लेटर खरं आहे का, हे इमिग्रेशन खातं, म्हणजे आयआरसीसी, थेट कॉलेजकडून तपासू लागलं. यामागे कारण होतं. त्याच वर्षी खोट्या ॲडमिशन लेटरचं मोठं प्रकरण बाहेर आलं होतं. त्यात बहुतेक मुलं पंजाबची होती, आणि अनेकांना आपलं लेटर खोटं आहे हे कित्येक वर्षांनी कळलं.

१ जानेवारी २०२४: राहण्या-खाण्याच्या खर्चासाठी दाखवायची रक्कम १०,००० डॉलरवरून थेट २०,६३५ कॅनेडियन डॉलर झाली. १ सप्टेंबर २०२५ पासून ती २२,८९५ आहे. म्हणजे एका माणसासाठी अंदाजे १४ लाख रुपये, आणि यात फी आणि विमानाचं तिकीट धरलेलं नाही. क्युबेक प्रांताचा हिशोब वेगळा असतो.

२२ जानेवारी २०२४: स्टडी परमिटच्या संख्येवर मर्यादा आली. २०२४ साठी साधारण ३,६०,००० मंजुऱ्या, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा ३५ टक्के कमी. सोबत पीएएल आलं, म्हणजे त्या प्रांताचं पत्र की आमच्या कोट्यात हा विद्यार्थी बसतो. हे पत्र कॉलेजमार्फत मिळतं.

१५ मे २०२४: सरकारी कॉलेजचा अभ्यासक्रम, पण शिकवणार खासगी कॉलेज, अशा भागीदारीतल्या कोर्सना या तारखेनंतर सुरुवात करणाऱ्यांचा पीजीडब्ल्यूपी बंद.

१ नोव्हेंबर २०२४: पीजीडब्ल्यूपीसाठी भाषेची परीक्षा आणि विषयाची अट. आजच्या एपिसोडचा गाभा हाच आहे.

८ नोव्हेंबर २०२४: एकाच दिवशी तीन बदल. पटकन निकाल देणारी एसडीएस नावाची योजना बंद. कॉलेजबाहेर काम करायची मर्यादा आठवड्याला २४ तास. आणि कॉलेज बदलायचं तर नवीन स्टडी परमिटचा अर्ज.

२१ जानेवारी २०२५: विद्यार्थ्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला मिळणाऱ्या ओपन वर्क परमिटवर मोठी कात्री.

२५ मार्च २०२५: पीआरच्या एक्सप्रेस एंट्री पद्धतीत नोकरीच्या ऑफरचे जादा गुण काढून टाकले.

१ जानेवारी २०२६: सरकारी संस्थांमधल्या मास्टर्स आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांना पीएएल लागणार नाही. ही सवलत नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालीय. त्याच वेळी २०२६ साठी नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांचं लक्ष्य १,५५,००० वर आणलंय. आधीच्या योजनेत हाच आकडा ३,०५,९०० होता.

हे सगळं का केलं? २०२३ च्या शेवटी कॅनडात १० लाखांहून जास्त स्टडी परमिटधारक होते. घरं कमी, भाडी वाढलेली, आणि काही कॉलेजं परदेशी मुलांच्या फीवर चाललेली. मुलांनी कोणताही नियम मोडलेला नव्हता. त्यांना बोलावलं गेलं होतं, ती गेली. पण सरकारला तात्पुरत्या रहिवाशांची संख्या लोकसंख्येच्या ५ टक्क्यांखाली आणायची होती, आणि विद्यार्थ्यांचा नळ बंद करणं सगळ्यात सोपं होतं. यावर चिडचिड होणं साहजिक आहे, पण अर्ज भरताना चिडचिडीचा उपयोग नाही, तारखेचा आहे.

'बदलला' म्हणजे कोणासाठी बदलला?

आता मुख्य मुद्दा. नियम बदलल्याची बातमी आली की व्हॉट्सॲपवर एकच ओळ फिरते: "वर्क परमिट बंद!" पण मोबाइल कंपनीने प्लॅनची किंमत वाढवली तर ज्याने काल वर्षाचा रिचार्ज मारला त्याला काय फरक पडतो? त्याची तारीख जुनी आहे. इमिग्रेशनमध्येही जवळपास प्रत्येक बदलासोबत अशी एक ओळ असते, की ही अट अमुक तारखेनंतर अमुक अर्ज करणाऱ्यांना लागू. ती ओळ बातमीत सहसा नसते. सरकारी पानावर असते.

पीजीडब्ल्यूपीच्या नियमात दोन वेगळ्या तारखा बघायच्या आहेत. इथे नीट लक्ष द्या.

विषयाच्या अटीसाठी बघायची तारीख म्हणजे स्टडी परमिटचा अर्ज कधी केला. १ नोव्हेंबर २०२४ च्या आधी केला असेल, तर विषयाची अट तुम्हाला नाही. कोर्स यादीत असो वा नसो.

भाषेच्या अटीसाठी बघायची तारीख म्हणजे पीजीडब्ल्यूपीचा अर्ज कधी करताय. १ नोव्हेंबर २०२४ किंवा त्यानंतर करत असाल, तर परीक्षेचा निकाल जोडावाच लागेल, मग स्टडी परमिट कितीही जुनं असो.

म्हणजे एकाच मुलाला एका अटीतून सूट आहे आणि दुसरीतून नाही, असं होऊ शकतं. ग्रुपवरचा बहुतेक गोंधळ या एका गोष्टीमुळे आहे.

हीच पद्धत दुसऱ्या देशालाही वापरता येते. ब्रिटनचं उदाहरण घ्या. तिथे शिक्षणानंतर दोन वर्षं काम करू देणारा ग्रॅज्युएट रूट आता पीएचडी नसलेल्यांसाठी १८ महिन्यांवर येतोय. तारीख आहे १ जानेवारी २०२७, आणि ती लागू होते ग्रॅज्युएट रूटचा अर्ज करण्याच्या दिवसाला. कोर्स कधी सुरू केला याला तिथे महत्त्व नाही. म्हणजे सप्टेंबर २०२६ ला एक वर्षाची मास्टर्स सुरू करणाऱ्याने मनात १८ महिनेच धरायचे. प्रश्न दोन्ही देशांना एकच विचारायचा: कोणती तारीख, आणि कोणत्या अर्जाची?

विषयाची अट: कोर्सचं नाव नको, कोड बघा

१ नोव्हेंबर २०२४ नंतर स्टडी परमिटचा अर्ज केलेल्यांसाठी हे आहे.

युनिव्हर्सिटीतून बॅचलर्स, मास्टर्स किंवा पीएचडी करत असाल तर विषयाची अट नाही. कोणताही विषय चालेल. कॉलेजातून पूर्ण बॅचलर्स डिग्री घेणाऱ्यांनाही नंतर ही सूट मिळाली.

पण डिप्लोमा, सर्टिफिकेट, पोस्ट ग्रॅज्युएट सर्टिफिकेट, म्हणजे आपल्याकडची बहुसंख्य मुलं बीकॉम, बीएससी, बीई करून जे घेतात ते, त्यांना अट आहे. विषय सरकारच्या यादीत असला पाहिजे. यादीत मुख्यतः शेती आणि अन्नप्रक्रिया, आरोग्य, विज्ञान-तंत्रज्ञान, प्लंबिंग-इलेक्ट्रिकलसारखी कुशल कामं, वाहतूक आणि शिक्षण हे विषय येतात. सर्वसाधारण बिझनेस मॅनेजमेंट त्यात नाही.

यादी नावांवर चालत नाही, सीआयपी कोडवर चालते. हा सहा आकडी कोड असतो. दोन कॉलेजांत कोर्सचं नाव अगदी सारखं असलं तरी कोड वेगळा असू शकतो. एक यादीत, दुसरा बाहेर. म्हणून ब्रोशरवरचं आकर्षक नाव बाजूला ठेवा आणि कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला साधा ईमेल करा: या कोर्सचा सीआयपी कोड काय, आणि हा कोर्स पीजीडब्ल्यूपीला पात्र आहे का? उत्तर लेखी घ्या. फोनवरचं "हो हो, आहे" याला काही किंमत नाही. मग तो कोड स्वतः सरकारी यादीत शोधा. दहा मिनिटांचं काम आहे.

ही यादीसुद्धा बदलते. २५ जून २०२५ ला त्यात ११९ विषय वाढवले आणि १७८ काढले. मुलांची धावपळ झाली, आणि ४ जुलैला सरकारने काढलेले विषय तात्पुरते परत ठेवले. पण एक दिलासा आहे. स्टडी परमिटचा अर्ज केला त्या दिवशी तुमचा विषय यादीत असेल, तर नंतर तो काढला तरी तुम्ही पात्र राहता. म्हणून अर्जाच्या दिवशी यादीच्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट काढून ड्राइव्हवर ठेवा. दोन वर्षांनी तो शोधायची वेळ येऊ शकते.

भाषेची परीक्षा: आयईएलटीएस दिली होती ना? हो, पण कोणती?

हा सापळा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण यात हुशार मुलंही अडकतात.

ॲडमिशनसाठी तुम्ही देता ती बहुतेक वेळा आयईएलटीएस ॲकॅडमिक. पीजीडब्ल्यूपीला ती चालत नाही. तिथे आयईएलटीएस जनरल ट्रेनिंग, सेल्पिप जनरल किंवा पीटीई कोअर लागते. फ्रेंच येत असेल तर टीईएफ किंवा टीसीएफ. आणि अर्जाच्या दिवशी निकाल दोन वर्षांपेक्षा जुना नको. म्हणजे पुण्यात बसून दिलेली परीक्षा बहुतेकदा दोन्ही कारणांनी बाद.

किती गुण? कॅनडाची स्वतःची मोजपट्टी आहे, सीएलबी. युनिव्हर्सिटीवाल्यांना सीएलबी ७ लागतं, म्हणजे आयईएलटीएस जनरलमध्ये चारही भागांत किमान ६. कॉलेज डिप्लोमावाल्यांना सीएलबी ५, म्हणजे लिसनिंग, रायटिंग, स्पीकिंगमध्ये ५ आणि रीडिंगमध्ये ४. सरासरी चालत नाही, प्रत्येक भागात तेवढे हवेत. तीन भागांत ८ आणि रायटिंगमध्ये ५.५ आले, तर युनिव्हर्सिटीवाल्याला परीक्षा परत द्यावी लागेल.

"मी दोन वर्षं कॅनडातच इंग्रजीत शिकलो, मला कशाला परीक्षा?" हा युक्तिवाद बरोबर वाटतो, पण चालत नाही. शेवटच्या सेमिस्टरच्या सुरुवातीलाच परीक्षा देऊन टाका. परत द्यावी लागली तरी हातात वेळ राहतो.

२४ तास म्हणजे २४ तास

साथीच्या काळानंतर काही महिने तासांची मर्यादा उठवली होती. ती सूट ३० एप्रिल २०२४ ला संपली. आता सेमिस्टर चालू असताना कॉलेजबाहेर आठवड्याला २४ तास. अधिकृत सुट्टीत, म्हणजे कॉलेजच्या कॅलेंडरवर असलेल्या ब्रेकमध्ये, पूर्णवेळ काम चालतं, पण ब्रेकच्या आधी आणि नंतर तुम्ही पूर्णवेळ विद्यार्थी असायला हवं.

दोन ठिकाणी काम करत असाल तर दोन्हीचे तास मिळून २४. रोख पैसे घेतले म्हणून तास मोजले जात नाहीत असं नाही. रोखीच्या कामात तास तर मोजले जातातच, वर पगार बुडाला तर तक्रार करायला कागदही नसतो. आयटीवाल्या मित्रांनी बऱ्याचदा विचारलेला प्रश्न: भारतातल्या कंपनीचं काम घरून केलं तर? मालक कॅनडाबाहेरचा असेल आणि काम रिमोट असेल तर ते या २४ तासांत धरत नाहीत.

तास ओलांडले तर परमिटची अट मोडली असं धरलं जातं, आणि पुढच्या अर्जांवर त्याचं सावट पडतं. मला माहितीये, भाडं थकलेलं असताना शनिवारची जादा शिफ्ट नाकारणं सोपं नाही. म्हणूनच निघण्याआधी बजेट असं करा की २४ तासांच्या पगारात फी धरायची नाही. त्यातून किराणा आणि थोडं भाडं निघालं तरी पुष्कळ.

कोर्स संपल्यावर: ९० आणि १८० मधला घोळ

पीजीडब्ल्यूपीचा अर्ज कोर्स पूर्ण झाल्याचं कळल्यापासून १८० दिवसांत करायचा. हे सगळ्यांना पाठ असतं. जे पाठ नसतं ते हे: कोर्स संपला की ९० दिवसांनी स्टडी परमिट आपोआप निरर्थक होतं, त्यावर छापलेली तारीख पुढची असली तरी. आणि छापलेली तारीख त्याआधीची असेल तर त्या तारखेलाच संपतं.

याचा अर्थ काय? स्टडी परमिट वैध असताना पीजीडब्ल्यूपीचा अर्ज केला, तर निकाल येईपर्यंत तुम्ही पूर्णवेळ काम करू शकता. "१८० दिवस आहेत की" म्हणत बसलात आणि ९० उलटले, तर राहायचं कसं, काम करायचं का, सगळंच अडतं. म्हणून निकाल आणि पूर्ण झाल्याचं पत्र हातात आलं की त्याच आठवड्यात अर्ज. मोबाइलमध्ये १८० चा नको, ३० दिवसांचा रिमाइंडर लावा.

अजून एक. शेवटची सेमिस्टर सोडली तर प्रत्येक सेमिस्टरला पूर्णवेळ शिकत होता हे दाखवावं लागतं. मध्येच दोन विषय सोडून पार्टटाइम झालात तर पीजीडब्ल्यूपी धोक्यात येतो.

आता त्या तीन मेसेजेसची उत्तरं

नाशिकच्या मित्रा, तुझा अर्ज आता होणार, म्हणजे १ नोव्हेंबर २०२४ नंतरचा. डिप्लोमा आहे, म्हणून विषयाची अट आहे. बिझनेस मॅनेजमेंट यादीत नाही. आजच्या नियमाने तुला पीजीडब्ल्यूपी मिळत नाही. एजंट जे सांगतोय ते २०२३ मध्ये खरं होतं. बँकेची सही थांबव आणि कॉलेजकडून सीआयपी कोड लेखी मागव. कर्जाचे हप्ते बहुतेक बँकांत कोर्स संपल्यावर सहा महिने ते वर्षभरात सुरू होतात. ते डॉलरमधल्या पगारावर फेडायचं गणित आणि नाशिकला परत येऊन फेडायचं गणित, दोन्ही बाबांसमोर कागदावर मांड. दुसरं गणित जमत नसेल तर घर तारण ठेवू नका.

ब्रॅम्प्टनच्या मित्रा, तुझी तारीख ऑगस्ट २०२४. विषयाची अट तुला नाही. ग्रुपवर जे बोलतायत ते नंतर आलेल्यांबद्दल आहे. तुला फक्त भाषेची परीक्षा लागेल, डिप्लोमा असेल तर सीएलबी ५. दोन गोष्टी तपास: तुझं कॉलेज खासगी भागीदारीतलं तर नाही ना, आणि तू मध्ये कॉलेज बदललंस का? बदलायचा विचार असेल तर लायसन्सवाल्या माणसाला विचारल्याशिवाय बदलू नकोस. बाकी आज नीट झोप.

पुण्याच्या ताई, तुमच्या स्वतःच्या बाबतीत बातमी चांगली आहे: विषयाची अट नाही, तीन वर्षांच्या परमिटची शक्यता आहे, आणि सरकारी युनिव्हर्सिटी असेल तर जानेवारीपासून पीएएलही नाही. पण नवऱ्याचं ओपन वर्क परमिट फक्त १६ महिने किंवा त्याहून लांब मास्टर्सना, पीएचडीला आणि काही निवडक व्यावसायिक कोर्सना मिळतं. १२ महिन्यांची मास्टर्स त्यात बसत नाही. शिकून झाल्यावर तुम्हाला वरच्या श्रेणीची नोकरी लागली आणि तुमच्या परमिटवर १६ महिने शिल्लक असले, तर तेव्हा त्यांचा अर्ज होऊ शकतो. म्हणजे एक ते दीड वर्ष दोन शहरांत संसार. हे फेब्रुवारीच्या आधी दोन्ही घरांत मोकळेपणाने बोलून घ्या.

आणि तिघांसाठीही: पीजीडब्ल्यूपी म्हणजे पीआर नाही. तो वेळ आहे, ज्यात कॅनडातला कुशल कामाचा अनुभव कमवायचा असतो. पुढचं गुणांवर, आणि त्या वेळच्या कट-ऑफवर.

सल्ला कोणाकडून घ्यायचा?

कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम ९१ सांगतं की पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला देण्याचा किंवा अर्ज भरून देण्याचा अधिकार ठरावीक लोकांनाच आहे: तिथले वकील, क्युबेकचे नोटरी, आणि सल्लागारांच्या नियामक संस्थेचे, म्हणजे सीआयसीसीचे, परवानाधारक. यांना आरसीआयसी म्हणतात. त्यांची यादी या संस्थेच्या वेबसाइटवर सगळ्यांसाठी खुली आहे. नाव टाका, परवाना चालू आहे का ते लगेच दिसतं.

कॉलेजात शिकत असाल तर अजून एक जागा आहे आणि ती फुकट आहे. कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसमधल्या सल्लागारांसाठी रिसिया नावाचा वेगळा परवाना असतो. त्यांची फी तुम्ही कॉलेज फीमध्ये आधीच भरलेली आहे. तरीही बहुतेक मुलं तिथे जात नाहीत आणि रूममेटच्या चुलतभावाला विचारतात.

मग आपल्याकडचे एजंट? ॲडमिशन करून द्यायला त्यांना कोणी अडवत नाही, आणि चांगलं काम करणारेही आहेत. पण त्यांचं कमिशन बहुतेकदा कॉलेजकडून येतं. म्हणून "कोणतं कॉलेज" या प्रश्नावर त्यांचं मत ऐका, पण "वर्क परमिट मिळेल का" या प्रश्नाचं उत्तर सरकारी पानावर तपासा. त्यांना एक प्रश्न हसत हसत विचारा: "सर, तुमचा आरसीआयसी नंबर काय?" उत्तराऐवजी चहा आला तर समजून जा.

अर्ज कोणीही भरला तरी जबाबदारी तुमची. त्यात खोटी माहिती निघाली तर पाच वर्षांची बंदी येते, आणि "एजंटने भरलं होतं" हे कारण सहसा चालत नाही. म्हणून पोर्टलवर ईमेल आयडी तुमचाच हवा, पासवर्ड तुमच्याकडे हवा, आणि पाठवलेल्या अर्जाची पूर्ण पीडीएफ तुमच्याकडे हवी. फी भरलेल्या माणसाला या तीन गोष्टी मागायचा पूर्ण हक्क आहे.

सेव्ह करून ठेवा

१. स्टडी परमिटचा अर्ज कोणत्या तारखेला पाठवला, त्याची पावती.
२. कोर्सचा सीआयपी कोड, कॉलेजच्या ईमेलवर लेखी.
३. त्या दिवशीच्या यादीचा स्क्रीनशॉट.
४. पासपोर्ट किमान पाच वर्षं चालेल ना? नसेल तर निघण्याआधी नूतनीकरण.
५. भाषेची परीक्षा: योग्य प्रकारची, शेवटच्या सेमिस्टरच्या सुरुवातीला.
६. कोर्स संपल्याचं पत्र आल्यापासून ३० दिवसांचा रिमाइंडर.
७. नियमाची बातमी आली की पहिला प्रश्न: कोणती तारीख, कोणत्या अर्जाची?

हा भाग तुमच्या त्या मित्राला पाठवा ज्याच्या घरी सध्या कर्जाचे कागद तयार होतायत. आईबाबांनाही वाचायला द्या, सही त्यांची असते. पुढच्या एपिसोडमध्ये एज्युकेशन लोनच्या व्याजाचं गणित उघडून बघू, एक्सेलसकट. तोपर्यंत काळजी घ्या, आणि तारखा लिहून ठेवा.